एडनाबाईंच्या घरात जंतू नाहीत

"जंतू? माझ्या घरात?" एडना ऍक्रॉइड किंचाळल्या आणि त्यांनी किटली अशी आपटली की कुत्रा टेबलाखाली शिरला.

समोर उभा होता त्यांचा मुलगा डेस्मंड. चाळिशी उलटल्यावर या गड्यानं बस चालवणं सोडून विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र घेतलं होतं. शाळेत विज्ञानाशी कधी पटलं नव्हतं, म्हणून आधी पाया पक्का करायला फाउंडेशनचं एक वर्ष. त्याचं शेवटचं प्रात्यक्षिक तसं सोपं: कापसाच्या काडीनं घरातला नमुना घ्यायचा आणि काचेच्या बशीत जंतू वाढवून दाखवायचे. बशी रिकामी राहिली तर नापास, आणि नापास झाला की पुन्हा आपली बस.

"आई, जंतू सगळ्यांच्याच घरात असतात गं."

"शेजारच्या विनीच्या घरात असतील! माझं नाव घालवायला शिकतोयस होय रे?"

संध्याकाळी तो परतला तेव्हा घराला पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. भांड्यांचा स्पंज, दारांच्या मुठी, सिंक, बाईंनी ब्लीचमधून काही म्हणून सोडलं नव्हतं. कुत्रा पळाला म्हणून वाचला. बशीत उगवणार काय, कपाळ!

डेस्मंड विनीकडे गेला. तिनं दार फटीएवढंच उघडलं.

"जंतू हवेत म्हणून माझ्याकडे आलास? मेल्या, तुझ्या आईनंच पाठवलं ना?"

तासाभरात गल्लीभर बोभाटा झाला आणि घरोघरी ब्लीचच्या बाटल्या उघडल्या.

रडकुंडीला आलेला डेस्मंड मुदत मागायला विद्यापीठात त्याला शिकवणाऱ्या डॉक्टर पेटिग्र्यूबाईंच्या खोलीत गेला. हात कसे धुवावेत यावर या बाई तासन्‌तास बोलत. त्यांचा चहाचा कप मात्र नोकरीला लागल्यापासून धुतलेला नव्हता. धुतला की चहाची चव जाते म्हणे! बाई पाठमोऱ्या होऊन फोनवर बोलत होत्या. डेस्मंडनं हळूच खिशातून काडी काढली.

बशी नुसती बहरून आली.

"वा! कुठून मिळवलंत हे?" बाईंनी विचारलं.

"घरून," तो पुटपुटला. "आईच्या स्वयंपाकघरातून."

गडी पास झाला. पुढे विद्यापीठ लोकांना दाखवायचा दिवस आला, तेव्हा एडनाबाई नवी हॅट घालून, विनीला मुद्दाम बरोबर घेऊन, लेकाचं कौतुक बघायला आल्या. भिंतीवर त्या बशीचा हा एवढा मोठा फोटो होता आणि खाली पाटी: 'श्रीमती ऍक्रॉइड यांचं स्वयंपाकघर.'

"अगंबाई! एडना, रविवारी मी तुझ्याकडे केक खाल्ला गं!"

एडनाबाई मटकन खुर्चीत बसल्या. डेस्मंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं तर पुढचं वर्ष गेलं! तेवढ्यात पेटिग्र्यूबाई लगबगीनं चहा घेऊन आल्या.

"घ्या, बरं वाटेल. कप माझाच आहे, संकोच करू नका."

कप आईच्या ओठांशी पोचला.

"आई, ठेव तो खाली!" डेस्मंड ओरडला.

पेटिग्र्यूबाईंनी कपाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा कपाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

एडनाबाई उठल्या आणि त्यांनी हॅट सावरली. "चल गं विनी. आणि डॉक्टरबाई, ब्लीच लागलं तर सांगा हं. आमच्या गल्लीत भरपूर आहे."

दुसऱ्या दिवशी फोटोखाली नवी पाटी लागली: 'नमुन्याचं मूळ अज्ञात.' डेस्मंडच्या मार्कांना मात्र कोणी हात लावला नाही.