नागपूरच्या रस्त्याला कळवायचं राहिलं आहे

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला दोन्ही महामार्ग आमच्या घरी आले, आणि मी त्यांना बसायला सांगितलं. लांबच्या प्रवासाआधी रस्ते घरी बोलावून बघायची धुळ्यात पद्धतच आहे. आग्र्याचा रस्ता पुढच्या अंगणात बसला. नागपूरचा जरा रुंद, म्हणून त्याला मागच्या दारी जागा दिली.

सोबत रस्ता निवड कार्यालयाचे कारकून कोष्टी होते. बायकोने, प्रमिलाने, पोहे केले होते. रस्ते पोहे खात नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोष्टींनी तिन्ही बशा संपवल्या आणि फॉर्म उघडला.

"कुठे जायचं?"

"दिब्रुगडला," प्रमिला म्हणाली. "माझी ताई राहते तिथे."

सुलोचनाताईला काचबिंदू आहे. 'मला दिसतंय तोवर येऊन जा,' असं तिने दिवाळीत फोनवर सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत दिसेल, पुढचं काही खरं नाही, असं तिच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. म्हणून आम्ही एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. प्रमिला अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. मी आपला बसणार होतो.

माझं म्हणाल तर एकतीस वर्षं मी जकात नाक्यावर आडवा बांबू वर-खाली केला. अख्ख्या देशाला जाऊ दिलं आणि स्वतः शिरपूरच्या पलीकडे गेलो नाही. निवृत्त झाल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही.

"मी सरळ आहे," आग्र्याचा रस्ता म्हणाला. "बिजासनचा घाट सोडला तर पुढे सपाटी. लखनौ, गोरखपूर, सिलिगुडी. वेळेत पोचवतो."

नागपूरचा मागच्या दारातून म्हणाला, "मी थोडा लांब पडतो. रायपूर, संबलपूर, कोलकाता करत सिलिगुडीलाच येतो. पण माझ्यावर माणूस कंटाळत नाही."

दोघांचं खरं होतं. नाक्यावर एकतीस वर्षं ड्रायव्हर लोकांकडून मी दोघांचीही सारखीच स्तुती ऐकली होती. एक निवडला की दुसरा जन्मात दिसणार नाही. शिवाय घरी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

"कळवतो," मी म्हणालो.

कोष्टींचा पेन थांबला. "दोघांना?"

"दोघांना."

"भदाणेसाहेब, नियम नऊ वाचलाय ना? ज्याला 'कळवतो' म्हटलं, त्याला उत्तर मिळेपर्यंत जागचं हलता येत नाही. मग तो कोणीही असो."

मी सही केली.

रस्ते राहिले. ट्रक फाटकापर्यंत येत, हॉर्न देत आणि वळसा घेऊन परत जात. काही ड्रायव्हर आमच्या नळावर आंघोळ करून पेरूच्या झाडावर टॉवेल वाळत घालू लागले. मी पुढच्या अंगणातून मागच्या दारी आणि तिथून पुन्हा पुढे, अशा दिवसाला चाळीस फेऱ्या मारत होतो. आग्र्याच्या रस्त्याशी बोललो की तोच बरा वाटे. नागपूरच्याशी बोललो की वाटे, आपली अक्कल कुठे गेली होती?

"काय करी राहिले तुम्ही हे?" प्रमिलाने विचारलं. "तिथे ताईचे डोळे चालले, आणि तुमचं आपलं तळ्यात-मळ्यात!"

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती पुढच्या अंगणात गेली आणि आग्र्याच्या रस्त्याला म्हणाली, "तुम्ही पसंत. चला."

तो उठला. तिने गाडी सुरू केली. "आता मागे जा, त्याला 'यंदा कर्तव्य नाही' म्हणून सांगा, आणि बसा गाडीत. एवढंच काम आहे तुम्हाला."

मी मागे गेलो. प्रमिलाचा मेथीचा वाफा तुडवला जाऊ नये म्हणून नागपूरचा रस्ता एकोणीस दिवस अंग चोरून पडला होता. त्याने विचारलं, "ठरलं का काही?"

मी पुढे येऊन प्रमिलाला म्हणालो, "तू हो पुढे. मी शिरपूरला गाठतो."

तिने गिअर टाकला. गेली. पुढचं अंगण फार मोठं दिसायला लागलं.

आठव्या दिवशी सिलिगुडीहून तिचा फोन आला. शिरपूरचा विषय तिने काढला नाही.

"इथे दोघं रस्ते भेटतात," ती म्हणाली. "तुमच्या त्या नागपूरवाल्याचं दुसरं टोक माझ्यासमोर आहे. त्याला हो म्हणा आणि मिळेल त्या ट्रकने निघा. मी थांबते चार दिवस. नाही तर आत्ता पुढे जाते. ताईला आता एकाच डोळ्याने दिसतंय. येताय की नाही, एक काय ते सांगा."

मला जायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो, आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. पण हो म्हटलं तर चार दिवस ती माझ्यापायी अडकणार, आणि नाही म्हटलं तर माझं जाणंच संपलं. दोन्ही शब्द जिभेवर आले आणि एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत राहिले.

"कळवतो," मी म्हणालो.

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झालं.

"नियम माहीत होता ना हो तुम्हाला?" प्रमिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोष्टी येऊन फॉर्मवर प्रमिलाचं नाव वाढवून गेले. मी सही केली.

आज त्या फोनला बारावा दिवस. सकाळी सुलोचनाताईचा फोन आला होता. प्रमिला कुठवर आली, विचारत होती. दारातला दिवा चालूच ठेवलाय म्हणाली, तेवढा अजून दिसतो. जवळ आलीय, असं मी सांगितलं. संक्रांत परवा आहे. मी बूट घालून मागच्या दारात उभा आहे. नागपूरच्या रस्त्याने मला वाट करून देण्यासाठी अंग आणखी थोडं चोरलं आहे.