डावीकडेच वळणारे व्याही

होणाऱ्या व्याह्यांशी खोटं बोलायचं नाही, एवढंच डॉक्टर फरामर्ज यांनी ठरवलं होतं. सगळा घोळ त्यातूनच झाला.

चहा पिता पिता मुलाचे वडील, बहमनआगा, यांनी विचारलं, स्की करता की नाही? फरामर्ज म्हणाले, छे, मला अजिबात येत नाही. आता तेहरानात ज्याचा गळा गोड तो म्हणतो मी नुसता ओरडतो, आणि जिने दोन दिवस खपून स्वयंपाक केलेला असतो ती म्हणते घरात काही नव्हतंच. तेव्हा बहमनआगांनी ओळखलं, माणूस पट्टीचा दिसतो. फरामर्ज यांनी शपथ घेतली, तसा त्यांचा भाव आणखी वाढला. दारात चपला घालेपर्यंत ठरलंसुद्धा: शुक्रवारी तेहरानजवळच्या डोंगरात, शेमशक गावच्या बर्फाळ उतारावर भेटायचं, लग्नाची बोलणी तिथेच.

"नाही गेलो तर त्यांचा अपमान," फरामर्ज बायकोला म्हणाले, "गेलो तर आपला."

पण त्यांच्या लेकीचा, तारानेचा, त्या मुलावर जीव जडला होता. जाणं भागच होतं.

बायको मेहरी मूळची शेमशकची. आदल्या दिवशी तिने त्यांना बर्फावर उभं केलं. स्कीची पुढची टोकं जुळवा, मागची फाकवा, वेग कमी होतो. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळाल, डाव्यावर दिला की उजवीकडे. (फरामर्ज भूकंपशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जमीन कशी सरकते यावर त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली होती. स्वतः सरकायची वेळ पहिलीच.) डावीकडे ते झकास वळले. पण दुखऱ्या डाव्या गुडघ्यावर भार टाकायला मन धजेना.

"अहो, तोही पाय तुमचाच आहे," मेहरी म्हणाली.

"म्हणूनच भरवसा नाही."

शुक्रवारी उताराच्या माथ्यावर दोघा व्याह्यांचं आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही, इतकं चाललं की मागची माणसं कुरकुरू लागली. शेवटी दोघे एकदमच निघाले. फरामर्ज डावीकडे वळले. मग पुन्हा डावीकडे. मग चढाकडे तोंड करून बहमनआगांच्या अगदी पुढ्यात बर्फात बसले.

बहमनआगा गहिवरले. "मला पुढे जाता यावं म्हणून पडलात, डॉक्टर. अशी सोयरीक मिळायला भाग्य लागतं. आमच्याकडून लग्न पक्कं." आणि ते खाली निघून गेले.

फरामर्ज यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते कसेबसे उठून उताराकडे वळले, आणि आनंदाच्या भरात गुडघा विसरून डाव्या पायावर उभे राहिले. स्की अलगद उजवीकडे वळली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, जणू कोणी हात धरून नेतंय. म्हातारा एकटाच मोठ्याने हसत खाली आला.

खाली सगळे गरम सूपचे वाडगे घेऊन बसले होते. फरामर्ज त्यांच्यासमोर नीट थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळी रीतभात विसरून म्हणाले, "येतं मला. अहो, मला स्की करता येतं."

बहमनआगांनी चमचा खाली ठेवला आणि मेहरीकडे झुकून हळूच विचारलं, "वहिनी, म्हणजे यांना खरंच येत नाही?"