नखाएवढं तिकीट

टेबलावर तिकीट नव्हतं. ज्ञानेशनं टेबलाखाली पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं, स्वतःच्या बुटांचे तळ उलटून पाहिले. मग त्यानं श्वास रोखून धरला, कारण फुंकरीनंही उडावं एवढंच ते होतं. करंगळीच्या नखाएवढं, हिरवं, दीडशे वर्षांपूर्वीचं, सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा प्रांताचं. आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांचं.

सासरे म्हणजे दौलतराव, परभणीकडचे निवृत्त पोस्टमास्तर. चारचौघांसारखी तिकिटं जमवणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांना भलत्याच मापाची तिकिटं लागत, एकतर दिसणार नाहीत अशी किंवा पाकिटात मावणार नाहीत अशी. पुनावळ्याला लेकीच्या सोसायटीत रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं, आणि प्रत्येक तिकिटाखाली त्याचं माप लिहायचं होतं. ते पट्टी घेऊन बसले आणि ज्ञानेशला राहवलं नाही.

"पट्टी काय लावता बाबा? आमच्या कंपनीत आम्ही केसाची जाडी मोजतो!"

विजयश्रीनं नवऱ्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण शब्द निघून गेला होता.

"न्या मग," सासरे म्हणाले. "पण जावईबापू, हे कोरं हाय. एकदाबी पत्रावर लागलेलं न्हाई. लेकीला जपलं नसंल एवढं मी याला जपलंय."

कुरुळीच्या त्या कंपनीत ज्ञानेश इन्स्पेक्टर होता. मोटारीच्या ब्रॅकेटी, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या भोकांच्या लोखंडी पट्ट्या, तपासायच्या आणि चांगल्या निघाल्या की त्यावर हिरवं ओकेचं स्टिकर लावायचं, हे त्याचं काम. त्यानं शिफ्ट संपता संपता तिकिटाचं माप घेतलं, तिकीट टेबलावर ठेवलं आणि हात धुवून चहाला गेला. तेवढ्यात पुढच्या शिफ्टचा विलास टेबलावर येऊन बसला होता.

"विलास, इथं हिरवं काहीतरी होतं ना?"

"व्हय. स्टिकरचा रोल संपला व्हता. एकच सुट्टं पडलं व्हतं, ते लावलं."

"लावलं? कशानं?"

"गोंद वाळला व्हता राव. थुंकी लावून चिकटवलं."

"कुठल्या ब्रॅकेटवर?"

"शेवटच्या. पेटी भरली, गाडी चाकणला गेली. काय झालं, भाऊ? स्टिकर मोजून ठेवतोस का काय?"

ज्ञानेशनं तिथल्या तिथं चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात फोन लावला. तिथं करिष्मा मॅडम क्वालिटी बघायच्या. त्यांचा आवाज ऐकला की सप्लायरची माणसं खुर्चीतून उठून उभी राहत.

"मॅडम, आमचा माल लाईनवर घेऊ नका!"

"का? कारण सांगा."

सासऱ्यांचं तिकीट हे कारण कुठल्याच कंपनीत चालत नाही. ज्ञानेशच्या तोंडाला आलं ते तो बोलून गेला. "भोकाजवळ तडा असू शकतो मॅडम. मी स्वतः येतोय तपासायला."

अख्खा माल थांबला. लाईन थांबली. ज्ञानेश ट्रकांच्या रांगेतून बाईक काढत चाकणला पोचला, तोवर मॅडमनी साऱ्या पेट्या उघडायला लावल्या होत्या आणि टेबलाभोवती माणसं भिंग घेऊन बसली होती. ज्ञानेशचं तड्याबिड्याकडं लक्षच नव्हतं. तो ब्रॅकेट उचलायचा, स्टिकर बघायचा, खाली ठेवायचा. शेवटी ते सापडलं! वाकडं चिकटलेलं, थोडं ओलसर, पण शाबूत. त्यानं ती ब्रॅकेट छातीशी धरली. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मॅडम, तडा!" मग दुसरा ओरडला. तडे खरोखरच होते. ज्ञानेशला आपल्याच कानांवर विश्वास बसेना.

"ज्ञानेश, तुमचे डोळे आहेत की काय आहेत!" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आणि ती हातातली? ती कशी आहे?"

ती काढून घेतील या भीतीनं ज्ञानेश जोरात म्हणाला, "ही एकदम ओके, मॅडम! हिच्यासारखी दुसरी नाही!"

"मग तीच मास्टर सॅम्पल," मॅडम म्हणाल्या आणि ब्रॅकेट त्याच्या हातातून घेऊन काचेच्या कपाटात ठेवली. वर दिवा लागला, खाली कुलूप लागलं. यापुढं प्रत्येक ब्रॅकेट हिच्याशी ताडून बघायची होती.

"मॅडम, फक्त त्यावरचं स्टिकर…"

"मास्टर सॅम्पलला कोणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

घरी आल्यावर ज्ञानेशला जेवण जाईना. पाच मिनिटं बसायचा, उठून गॅलरीत जायचा, परत यायचा. विजयश्रीनं त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि सरळ वडिलांना सांगितलं. दौलतरावांनी भिंग पिशवीत टाकलं.

"मला दाखवा," ते म्हणाले.

शनिवारी मॅडमची परवानगी काढून ज्ञानेश त्यांना चाकणला घेऊन गेला. माफी मागायला विलासही आला होता. दौलतराव कपाटापुढं वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"कुणी लावलं हे?"

"मी, काका," विलास खाली मान घालून म्हणाला. "चूक झाली. मला वाटलं…"

"तिकीट उजव्या कोपऱ्यात लावत्यात, वरच्या! आन् सरळ लावत्यात! एवढंबी शिकवलं न्हाई का तुला कुणी?"

"न्हाई, काका."

"बरं, असू दे." म्हातारा सरळ झाला. चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता. "दीडशे वर्षं कोरंच बसलं व्हतं बिचारं. माझ्याकडंबी डब्यातच व्हतं. चिकटवायला केलेली चीज, कुणीतरी चिकटवली. कुरुळीहून चाकणला तरी गेलं." मग त्यांनी जावयाकडं वळून करड्या आवाजात विचारलं, "माप घेतलं का पण?"

"आठ बाय साडेनऊ मिलिमीटर, बाबा. तुमच्या पट्टीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरचा फरक."

"वा!" दौलतराव खुलले. "कामाचा माणूस हाय." त्यांनी पिशवीतून दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं, पोस्टकार्डालाही मागं टाकणारं एक तिकीट काढलं. समुद्रातल्या कुठल्या बेटांच्या देशाचं, निळंशार. "आता याचं माप घेऊन टाका. हेबी कोरंच हाय."

विलास ते टक लावून बघत होता. "भाऊ," त्यानं हळूच विचारलं, "हे कुठल्या पार्टवर लावायचं?"

ज्ञानेशनं तिकीट नंतर घेतलं. आधी दोन्ही हातांनी विलासचं तोंड दाबून धरलं.