पितळी बिल्ल्याची पांढरी गाडी

"आज एकदा जरी तुमची गाडी रस्त्यात बंद पडली ना, तर उद्या ती भंगारात जाईल," कुसुमताईंनी नवऱ्याला दारातच सांगितलं.

दिगंबरराव निवृत्त ग्रंथपाल. कोथरूडच्या त्या सोसायटीत त्यांची छोटी पांढरी गाडी सगळ्यांत जुनी. तिच्यावर त्यांचा जीव होता, पण तसं म्हणायची छाती नव्हती. "बरं," एवढंच बोलून ते नारायण पेठेत राष्ट्रीय मोटार मंडळाच्या वर्धापनदिनाला गेले.

अध्यक्षांनी मंडळाचा इतिहास सांगायला घेतला. रस्त्यावर मोटारींपेक्षा बैल जास्त होते, तेव्हा मंडळाने घाटांचे नकाशे छापले, वळणांवर पाट्या लावल्या. आता कुठेही गाडी बंद पडली तरी मंडळाचा माणूस धावून येतो. भाषण घाटातच असताना काही सभासद हळूच सटकले. दिगंबररावांना मध्येच उठायचा संकोच वाटला. ते शेवटपर्यंत बसले.

बाहेर येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे बॉनेटवरचा मंडळाचा पितळी बिल्ला पाहून गाडी ओळखली. चावी जरा अडली, पण दार उघडलं. सीटवर उशी होती. कुसुमने ठेवली असेल. आरसा खाली झुकला होता. आपणच झुकवला असेल. समोरचा गणपती उजव्या सोंडेचा होता. इतकी वर्षं आपलं लक्षच नव्हतं, याची त्यांना लाज वाटली.

गाडी मात्र खोकायची आणि गप्प व्हायची. शेवटी त्यांनी मंडळाला फोन केला. ओढगाडी घेऊन मंडळाचा बजरंग आला.

"काका, हिच्यात काही राहिलं नाही."

"सकाळी तर छान चालत होती हो."

"ही? धक्का मारूनच आणली असणार."

आपण धक्का मारला होता का, हे दिगंबरराव आठवू लागले.

"सोसायटीच्या मागच्या गेटने नेता येईल का?"

"काका, वर पिवळा दिवा फिरतोय. मागून नेली काय, पुढून नेली काय!"

कुसुमताई गॅलरीत उभ्याच होत्या. ते वर येताच म्हणाल्या, "या! वरातीत घोडा तेवढा राहिला. सकाळी भंगारवाल्याला बोलावते."

दिगंबरराव काही बोलणार, तोच फोन वाजला.

"मी अनिरुद्ध दामले, मंडळातला. तुमचं पुस्तक माझ्या गाडीत सापडलं. आत नाव-नंबर आहे. कसं आलं कोण जाणे! पण आज सगळंच आक्रीत. एरवी चौघांनी ढकलल्याशिवाय न हलणारी माझी गाडी पहिल्या चावीला सुरू! विकणार होतो, आता जन्मात विकत नाही."

दिगंबररावांनी खाली पाहिलं. उशी, आरसा, गणपती. मंडळाच्या सभेला आलेल्या प्रत्येक गाडीवर तोच बिल्ला असणार, हे आता त्यांच्या लक्षात आलं. झिजून झिजून दोन्ही चाव्या सारख्याच झाल्या असाव्यात. पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला सांगायचं कसं?

"अभिनंदन," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"कसलं अभिनंदन?"

त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. कुसुमताईंनी चपला चढवल्या.

"कुठे निघालीस?"

"दामल्यांकडे! अहो, अभिनंदन कसलं करताय? पहिल्या चावीला सुरू होणारी ती आपली गाडी आहे!"

आपली? इतक्या वर्षांत त्या गाडीला ती पहिल्यांदाच आपली म्हणाली होती. की आपण चुकीचं ऐकलं? विचारावं, असं दिगंबररावांना वाटलं. पण धीर झाला नाही.