ध्रुवतारा सोसायटीतलं उड्डाण

मानवजातीने वर बघायला सुरुवात केली, त्या दिवसापासून खाली कुणी बघायचं हा प्रश्न प्रलंबित आहे.

ठाकुर्लीच्या ध्रुवतारा सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र या कामाची रीतसर विभागणी झालेली होती. वर बघायचं काम गुणाजी तोरस्करांकडे होतं आणि खाली बघायचं वॉचमन गोविंदाकडे. गुणाजी एका रंगाच्या कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. डब्याच्या तळाशी साका किती बसला हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला म्हातारपणी आभाळाकडे बघावंसं वाटलं तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. त्यांनी ठाकुर्ली अंतराळप्रेमी मंडळ स्थापन केलं आणि पहिल्याच सभेत स्वतःला उड्डाण संचालक नेमलं. (या पदासाठी दुसरा अर्ज आला नव्हता, कारण अर्ज मागवले नव्हते.)

मंडळाची सदस्यसंख्या एकेचाळीस. त्यांपैकी चंद्र सोडून आकाशातलं दुसरं काही ओळखणारे दोन. त्यांतला एक विमानालाही शुक्र म्हणतो, पण आत्मविश्वासाने म्हणतो. उरलेले एकोणचाळीस अंतराळाविषयी मनापासून बोलतात आणि त्यासाठी ओळखपाळख लागत नाही. डोंबिवलीत अशी आणखी तीन मंडळं आहेत, त्यांतलं एक केवळ बाकीच्या दोन्हींचा निषेध करण्यासाठी चालतं.

त्या एप्रिलमध्ये माणसं बसलेलं यान वर जायचं होतं. आत चार जण होते. यान कुठल्या देशाचं, हा मुद्दा मंडळाने दुय्यम ठरवला, कारण तो निघाला की सभा जेवणापर्यंत लांबते. ठाकुर्लीहून उड्डाण दिसण्याची शक्यता अजिबात नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही गच्चीवरच जमायचं ठरलं, कारण अंतराळ वर असतं. तळमजल्याच्या हॉलमध्ये पंखे होते, खुर्च्या होत्या, पण तिथे बसून अंतराळाकडे बघणं हा विषयाचा अपमान आहे, असं गुणाजींनी सांगितलं. टीव्ही पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत मांडला गेला आणि टाकीला नियंत्रण कक्ष असं नाव मिळालं.

पदांचं वाटप गुणवत्तेवर झालं. हवामान अधिकारी म्हणून मंजुळाबाई पाटील यांची नेमणूक झाली. सोसायटी ज्या जागेवर उभी आहे ते शेत त्यांच्या सासऱ्यांचं, आणि गच्चीवर त्या रोज सुकट वाळत घालायच्या, त्यामुळे आभाळाशी त्यांचं बोलणं होतं. दळणवळणप्रमुख म्हणून चौथ्या मजल्यावरच्या मितेशला घेतलं, कारण त्याच्याकडे वॉकीटॉकीची जोडी होती. एक गुणाजींच्या हातात आणि दुसरी गोविंदाच्या केबिनमध्ये. केबिनला भूकेंद्र म्हणायचं ठरलं. गोविंदाने मान डोलावली, त्याला पगार त्याच केबिनचा मिळत होता.

भूकेंद्राबाबत एक अडचण रंगीत तालमीतच लक्षात आली. गुणाजींनी वॉकीटॉकीवर घोषणा केली, "टी मायनस दहा." गोविंदा ताबडतोब टपरीवर गेला आणि दहा चहा कमी करून आला. त्या दिवशी दहा सदस्यांना चहा मिळाला नाही आणि मंडळात फूट पडता पडता राहिली. चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की गोविंदाने आदेश ऐकून त्यावर विचार केला होता. तेव्हा एकमताने ठराव झाला, की यापुढे भूकेंद्राने विचार करू नये. कानावर शब्द पडला की अंमल करावा, शंका असल्यास उड्डाणानंतर लेखी कळवावी. गोविंदाने "बरं साहेब" म्हटलं आणि ठराव तोंडपाठ केला.

मंडळाने ठाकुर्लीला नवे शब्दही दिले, हे मान्य केलं पाहिजे. त्यांतला सर्वांत लाडका शब्द होल्ड. यानाची उलटी मोजणी मध्येच थांबवून सगळं तपासून घेतात, त्याला होल्ड म्हणतात, हे गुणाजींनी समजावलं, आणि महिन्याभरात सोसायटीत कोणी आळशी उरला नाही. ज्याचं काम अडलं तो होल्डवर होता. गळका नळ होल्डवर होता, जिन्यातला दिवा होल्डवर होता, आणि लिफ्ट मजल्यांच्या अध्येमध्ये थांबायची ती दुरुस्तीही दिवाळीपासून होल्डवर होती.

लिफ्टचा विषय गुणाजींच्या पत्नीने काढला होता. नंदाताई दुसऱ्या मजल्यावरून गच्चीवर चालत जाऊ शकत नव्हत्या, त्यांचे गुडघे गेले होते. आणि लिफ्टने एकट्या जाऊ शकत नव्हत्या, कारण त्यांना बंद जागेची धास्ती होती. दार सरकलं की त्यांच्या छातीत धडधडायला लागायचं. त्यामुळे लग्नाला चौतीस वर्षं झालेले गुणाजी रोज त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभे राहायचे आणि त्या त्यांची बाही धरायच्या. या व्यवस्थेला कुठलंही नाव नव्हतं, म्हणून तिची नोंद मंडळाच्या कामकाजात सापडत नाही.

उड्डाणाच्या सकाळी गुणाजी घाईने घरी आले. त्यांच्या मोबाइलचा डेटा संपला होता, म्हणून टीव्हीला जोडायला त्यांनी नंदाताईंचा फोन घेतला. नंदाताई साबुदाण्याचे वडे तळत होत्या, सगळ्या मंडळाला पुरतील एवढे.

"मग मला न्यायला या," त्या म्हणाल्या. "मी एकटी नाही यायची लिफ्टनं. तुम्ही तिच्यातली घंटापण काढून नेलीत."

घंटा नेली होती ही गोष्ट खरी. लिफ्ट अडकली तर वाजवायची ती घंटा आवाजाला खणखणीत होती, आणि मोजणीच्या शेवटी गच्चीवर काहीतरी वाजायला हवं होतं. गुणाजींनी घड्याळ पाहिलं. होल्ड आता सुटणार होता, आणि होल्ड सुटताना उड्डाण संचालक जागेवर नसणं हे जगात कुठेही खपत नाही.

"नंदा, पाचच मजले आहेत गं," ते म्हणाले. "ते चौघं चारशे किलोमीटर जातायत."

नंदाताईंनी पुढचा वडा तेलात सोडला. तर्क बिनतोड होता.

गच्चीवर वातावरण भारलेलं होतं. मंजुळाबाईंनी आभाळाकडे एकदा बघून "आज पानी नाय परनार" असा अहवाल दिला आणि एप्रिल असूनही सर्वांना हायसं वाटलं. चार अंतराळवीरांचे चेहरे पडद्यावर आले. त्यांच्या नाडीचे ठोके, प्राणवायू, पट्टे, हातमोजे, सगळ्याची चौकशी झाली. त्यांच्यापैकी एकाने सकाळी काय खाल्लं हे मितेशला ठाऊक होतं आणि ते ऐकून दोन सदस्यांचे डोळे पाणावले. एवढ्याशा डबीत बंद होऊन बसायला काळीज लागतं, असं गुणाजी म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापला. ते ढोंगी नव्हते. त्यांना त्या चौघांची मनापासून काळजी वाटत होती.

मोजणी सुरू झाली. त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावर नंदाताईंनी वड्यांचा डबा छातीशी धरला, डोळे मिटले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

एकेचाळीस माणसं एका सुरात उलटं मोजतात तो आवाज शहाडपर्यंत जात असावा. शून्याला घंटा घणघणली, पडद्यावर ज्वाळा उसळल्या, आणि गुणाजींना भरून आलं. मोजणीच्या नादात वॉकीटॉकीचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं. ते आभाळाकडे बघून ओरडले, "लिफ्ट ऑफ! लिफ्ट ऑफ!"

भूकेंद्राने विचार केला नाही. गोविंदा मीटर रूममध्ये गेला, लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला आणि तळमजल्याच्या दाराला "लिफ्ट बंद आहे" अशी पाटी लावली. आदेश दोनदा आला होता, म्हणून त्याने स्विच खाली गेला की नाही हेही दोनदा पाहिलं. मग खुर्चीत बसून वरच्या टाळ्या ऐकल्या.

यान ढगांपलीकडे गेलं. पहिला टप्पा सुटला, टाळ्या. दुसरा पेटला, टाळ्या. मितेश वेग सांगत होता, गुणाजी उंची सांगत होते. अंतराळवीर आता पृथ्वीच्या कुठल्या भागावर आहेत हे त्यांनी दर मिनिटाला जाहीर केलं आणि ते दर वेळी बरोबर होतं. वडे कुठे राहिले, असं कुणीतरी विचारलं. वडे होल्डवर आहेत, असं उत्तर आलं आणि खूप हशा पिकला.

मग पडद्यावरचं चित्र थांबलं, कारण नंदाताईंचा फोन वाजत होता. वर्तकनगरला राहणारी त्यांची मुलगी, ऐश्वर्या.

"बाबा, आईला द्या ना."

"ती आत्ता... ती खाली आहे. घरी."

"घरी कशी असेल? मघाशी शेजारच्या निशिगंधाकाकूंच्या फोनवरून बोललेली. म्हणाली, तुम्ही येत नाही, मी जाते आता देवाचं नाव घेऊन. बाबा, आई कुठाय?"

चार माणसं कितव्या रेखांशावर आहेत हे सांगणाऱ्या गुणाजींना बायको कितव्या मजल्यावर आहे हे सांगता आलं नाही. त्यांचं लक्ष स्टुलावरच्या घंटेकडे गेलं. ते जिन्याकडे धावले. (सहाव्या मजल्यावर ते क्षणभर थांबले आणि वर ओरडून विचारलं, "यान वेगळं झालं का?" ही गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली नाही, पण जिन्याला प्रतिध्वनी आहे.)

पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये लिफ्ट होती. गुणाजी पायरीवर गुडघे टेकून बसले आणि दाराच्या फटीला तोंड लावलं.

"नंदा?"

मग आतून आवाज आला, अगदी बारीक.

"मोजत होता ते ऐकू येत होतं. मीपण मोजलं तुमच्याबरोबर. मग अंधार झाला. शून्याच्या पुढे कुणी काही बोललंच नाही, म्हणून मी सुलटं मोजायला लागले."

"कितीपर्यंत आलीस?"

"चुकत होते. परत पहिल्यापासून. अहो, तुमची बाही द्या ना."

फट बोटभर होती. गुणाजींनी शर्टाची बाही सोडवून तिचं टोक आत सरकवलं, आणि आतून ते घट्ट धरलं गेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी वॉकीटॉकीवर गोविंदाला लिफ्ट चालू करायला सांगितली. गोविंदाने अदबीने कळवलं, की आधीचा आदेश दोनदा आला होता, तेव्हा हाही दोनदा यावा. गुणाजींनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांना बोलता येत नव्हतं, पण भूकेंद्राने समजून घेतलं, ठरावाविरुद्ध.

नंदाताई सुखरूप बाहेर आल्या. चौघं अंतराळवीरही सुखरूप होते. मंडळाने दोन्ही घटनांबद्दल एकत्रित अभिनंदनाचा ठराव केला आणि घंटा लिफ्टमध्ये परत बसवण्याचं काम तत्त्वतः मंजूर करून होल्डवर ठेवलं. तेव्हापासून गुणाजी गच्चीवर जात नाहीत, म्हणजे एकटे जात नाहीत. उड्डाण संचालकाची जागा त्यामुळे रिकामी आहे.

योग्य उमेदवार मिळायला वेळ लागू नये. नंदाताई डोळे मिटून लिफ्टमध्ये शिरल्या हे वर स्पष्ट लिहिलेलं आहे. गोविंदाने स्विच खाली ओढला, हेही. ते वाचताना बाई आत आहेत हे वाचकाला पक्कं माहीत होतं, आणि तो हसला. अशांना मंडळाचं सदस्यत्व आपोआप मिळतं.