कमळाबाईचं तोंड

आमच्या गंगाखेडच्या गल्लीत कमळाबाई येताना दिसली की बाया आधी लेकरं आत नेतात, मग आजारी माणसं. ती चोर नाही. तिचं तोंड वाईट.

कुणी घर बांधलं तर ही वर बघून म्हणते, "स्लॅब झकास हाय. निजताना तेवढं कडंला निजा." दवाखान्यातून परत आलेल्या शेजाऱ्याला म्हणाली, "आता कशाला पथ्य? काय खायचं ते खाऊन घ्या." तो बिचारा तीन दिवस अंथरुणातून उठला नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाली, "माझ्या मावशीचं बी असंच झालतं. मग दुसरा बी गेला." मी तोंडावर सांगितलं, "तू आधी नीघ."

पण यंदा मलाच धास्ती बसली. सुनेचे दोन गर्भ गेले होते. आता सातवा महिना लागला. ओटी भरायला सगळी गल्ली बोलावली, हिला नाही. तरी आली. पोटाकडं बघून म्हणाली, "लय बारीक दिसायलंय. हे बी टिकतंय का न्हाई, कुणाला ठाऊक."

बायांच्या हातातले तांदूळ हातातच राहिले. सून उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. तोंड भिंतीकडं, दोन्ही हात पोटावर.

मी तडक कमळाबाईचं दार गाठलं. "जीभ हाय का विळा?"

ती भांडली नाही. खाली बघत म्हणाली, "माझी पोरगी सव्वा महिन्याची होती. मी म्हणाले, किती गोड हाय गं माझी बाई. त्याच्या आठव्या दिवशी गेली. लेकरू जगावं म्हणून लोक दगडू, धोंडू नाव ठेवतात ना? तसंच माझं. वाईट बोललं की नजर लागत न्हाई."

"मग गप बसावं."

"गप बसलं की मनात चांगलंच येतंय."

मला दया आली नाही. सून उपाशी होती. "चल," मी म्हणाले, "आता तूच जेवू घाल तिला."

कमळाबाईनं दुधात भाकरी कुस्करली. घास पुढं केला. सुनेनं तो घेतला नाही. तिनं विचारलं, "काकू, खरं सांगा. टिकंल का हो?"

मी चौकट घट्ट धरली. कमळाबाईनं घास परत दुधात ठेवला, पुन्हा उचलला.

"टिकंल," ती म्हणाली. "गोड होईल लेकरू."

सुनेनं तोंड उघडलं. पण भरवणारा हात असा लटलट कापत होता, की कमळाबाईचं मनगट धरून तो घास मलाच पोचवावा लागला.