सुरंगीच्या बाकांची निर्यात

सुरंगी गावाजवळच्या एका शाळेत परिपत्रक आले, तेव्हा प्रमिलाबाई सातवीला अपूर्णांक शिकवत होत्या. शिक्षण आणि खुला व्यापार एकत्र आले की आर्थिक वाढ होते, असे अभ्यासांती दिसून आले आहे; सबब प्रत्येक शाळेने तत्काळ व्यापार खुला करून दरमहा वाढीचा अहवाल पाठवावा, असे त्यात होते.

कोकणातून येऊन बाईंना सोळा वर्षे झाली होती. परिपत्रकाला हसायचे नसते, उत्तर द्यायचे असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सिल्वासाच्या शिक्षण कचेरीत अधिकारी अभिजीतसाहेबांना फोन लावला.

"साहेब, शाळेत चाळीस बाक आहेत. व्यापार कशाचा करू?"

"बाक निर्यात करा."

"मग मुलं बसतील कशावर?"

"मुलं 'शिक्षण' या सदरात येतात, मॅडम. सदरं मिसळू नका."

बाक टेम्पोने नरोलीच्या शाळेत गेले. तिथल्या गोकुळ सरांकडेही तेच परिपत्रक होते. त्यांनी आपले चाळीस इकडे धाडले. दोन्हीकडची निर्यात मिळून वाढ एकदम शून्यावरून ऐंशीवर! साहेबांनी पेढे वाटले आणि पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट दुप्पट केले. बाक तेवढेच, म्हणून फेऱ्या वाढल्या. शाळा भरताना बाक निघत, सुटताना परतत. बाक दिवसभर टेम्पोत, मुले फरशीवर. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सेवांचा व्यापार खुला झाला: बाई नरोलीला, सर सुरंगीला. दोन टेम्पो रोज वाटेत समोरासमोर येत.

"बाई, आज काही शिकवलंत का?" सर ओरडले.

"वेळ कुठाय, सर! वाढ केवढी होतेय!"

दोघे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसू ओसरल्यावर मात्र बाईंना सातवीतली चंदा आठवली. तिला अजून पाव आणि पाऊण यातला फरक कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खी सातवी टेम्पोत चढवली. मुले हक्काच्या बाकांवर बसली, खड्ड्यागणिक उसळली, खिदळली.

"चाळीसातले दहा बाक उतरवले. राहिले किती?"

"पाऊण!" चंदा किंचाळली. चालकानेही हॉर्न वाजवला.

इतक्यात साहेबांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, मनुष्यबळाची निर्यात! कमाल केलीत! फक्त एक करा, मुलांना परत आणू नका. ती आयात धरली जाते. नरोलीत कारखाने आहेतच, लागतील कामाला."

बाईंनी फोन बंद केला. "भाऊ, गाडी वळवा," त्या चालकाला म्हणाल्या. त्या दिवसापासून ना बाक हलले, ना बाई. मुले दशांशापर्यंत पोचली. बाईंच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली.

पेपरात बातमी आली: 'सुरंगीत विकासदर शून्यावर.' सिल्वासाच्या टोकरखाडा वस्तीतल्या सुशिक्षित घरांत सकाळच्या चहाबरोबर ती वाचली गेली. "या मास्तरलोकांना कामच नको असतं," असे म्हणून वाचणाऱ्याने पान उलटले. आठवून पाहा, त्या दिवशी पेपर तुमच्याच हातात होता.